नाशिकच्या वायनरीवाल्यांना खुलं पत्र: पाहुण्यांना एकदा गोवर्धन गाव पण दाखवा की

नाशिक, दिंडोरी, निफाड पट्ट्यातले सगळे वायनरीवाले, त्यांच्या आजूबाजूचे रिसॉर्टवाले, होमस्टेवाले आणि मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी गाड्या भरून माणसं आणणारे टूरवाले, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

आधीच सांगून टाकतो, हे पत्र दारूबंदीवालं नाहीये. संस्कृती बुडाली वगैरे रडगाणं मी गाणार नाही. 2001 साली सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, त्याच्या जरा आधी 2000 ला सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली, आणि त्याच्याही कितीतरी आधी 80च्या दशकात पिंपळगाव बसवंतला शॅम्पेनसारखी वाइन करायचा प्रयोग झाला होता जो आता कोणाला आठवत पण नाही. या सगळ्यामुळे इथल्या शेतकऱ्याला टेबल ग्रेपच्या बाजाराशिवाय दुसरा एक रस्ता मिळाला, पोरांना नोकऱ्या मिळाल्या, चांगलंच झालं की. मी स्वतः पाहुणे आले की टेस्टिंगला घेऊन जातो. शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन आवडते मला, सांगायला कसली लाज.

तक्रार वेगळीच आहे, खरं तर तक्रार पण नाही, मागणी म्हणा. तुमचा नेहमीचा कार्यक्रम कसा असतो, तर सकाळी मिसळ, मग बागेत फोटो, मग टेस्टिंग, संध्याकाळी धरणाकडं तोंड करून सूर्यास्त, पिझ्झा, झोप, दुसऱ्या दिवशी जमलं तर त्र्यंबकेश्वर नाहीतर डायरेक्ट हायवे. माणूस घरी जाऊन सांगतो नाशिक भारी आहे, एकदम फॉरेनसारखं वाटतं. आता ज्या रस्त्यावरनं तो गेला त्या गंगापूर रोडवर त्याला फॉरेनसारखं काय दिसलं देव जाणे, पण जे नाशिकचं होतं ते त्याला कोणी दाखवलंच नाही. तुमच्या ड्रायव्हरनं नाही, गाइडनं नाही, आणि टेस्टिंग रूममध्ये अर्धा तास टॅनिन समजावून सांगणाऱ्या त्या हुशार पोरानं पण नाही.

हा रस्ताच घ्या ना. शहरातनं निघालं की आधी आनंदवल्ली लागते. लोकांना तिथला नवश्या गणपती माहितीये, बास. या गावाचं आधीचं नाव चावंडस, राघोबादादा पुण्याच्या राजकारणातनं बाजूला होऊन 1764 च्या सुमारास इथं येऊन राहिले, वाडा बांधला आणि बायकोच्या म्हणजे आनंदीबाईच्या नावावरनं गावाला आनंदवल्ली केलं. हीच ती आनंदीबाई, ध चा मा वाली. ती गोष्ट किती खरी किती रचलेली यावर वाद घालत बसता येईल, पण 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला हे तर खरंय. पुढं 1783 ला राघोबा कोपरगावला वारले आणि काही वर्षांनी आनंदीबाईला आणि मुलांना परत इथंच आणून नजरकैदेत ठेवलं, ती 1794 ला इथंच गेली. त्या मुलांमधला एक म्हणजे शेवटचा पेशवा, दुसरा बाजीराव. म्हणजे पेशवाई ज्याच्या हातनं गेली तो पोरगा कैदी म्हणून या गंगापूर रोडवर वाढत होता.

आणि तसंच थोडं पुढं गेलं की गंगापूर गाव. तिथं कोण राहत होतं, तर गोपिकाबाई, नानासाहेब पेशव्यांची बायको. तिचा थोरला विश्वासराव पानिपतात गेला, मधला माधवराव क्षयानं गेला, धाकटा नारायणराव असा मारला गेला. ज्या नवरा-बायकोवर या खुनाचा आरोप त्यांचं गाव आणि ज्या आईचा मुलगा मारला तिचं गाव, दोन्ही एकाच रस्त्यावर, गाडीनं दहा मिनिटांचं पण अंतर नसेल. याच्यावर सिरीयलवाले दोन वर्षं काढतील. तुमच्या बसमध्ये मात्र तेवढ्यात अंताक्षरी चालू असते.

पण माझा खरा जीव आहे तो पुढच्या गावात, गोवर्धनमध्ये. तुमच्यातल्या सगळ्यात मोठ्या वायनरीचा पत्ताच मुळी गोवर्धन गाव आहे. बिलावर छापलेला असतो, बघा कधीतरी.

हे गोवर्धन कुठं लिहिलंय माहितीये? पांडवलेण्यात. मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला जो त्रिरश्मी डोंगर आहे, खाली फाळके स्मारक आणि बुद्धविहार, वर चोवीस लेणी, त्यातल्या दहा नंबरच्या लेण्यात नहपान नावाच्या क्षत्रप राजाच्या जावयानं, उषवदातानं (ऋषभदत्त पण म्हणतात) शिलालेख कोरून ठेवलेत. साधारण 1900 वर्षांपूर्वीची गोष्ट. लेख म्हणजे काय तर दानाची यादी, आणि यादी साधीसुधी नाही हां, तीन लाख गायी, सोळा गावं, डहाणू, दमण, तापी अशा नद्यांवर फुकट होड्यांची सोय, आणि भरुकच्छ म्हणजे आजचं भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा, या चार ठिकाणी वाटसरूंसाठी उतरायची घरं बांधली असं लिहिलंय. परत वाचा. गोवर्धनमध्ये पाहुण्यांना उतरायला जागा. तुम्ही जो धंदा आज करताय तो तिथं एकोणीसशे वर्षांपूर्वी चालू होता, तो पण मोफत! होमस्टेवाल्यांनी तरी हे भिंतीवर लावायला पाहिजे राव.

पुढचं तर अजून भारी आहे. या उषवदातानं तीन हजार कार्षापणांची (तेव्हाची नाणी) कायमची ठेव ठेवली, आणि ती कोणाकडं, तर गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणींकडं, श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना, सोसायटीच म्हणा. दोन हजार एका श्रेणीकडं महिना शेकडा एक व्याजानं, एक हजार दुसरीकडं पाऊण टक्क्यानं. अट अशी की मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, आणि दोन हजारांच्या व्याजातनं पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कपड्यांसाठी द्यायचे. हिशोब करून बघा, महिन्याला वीस म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस, वीस गुणिले बारा दोनशे चाळीस, एक पैसा इकडं तिकडं नाही. आणि हे सगळं निगमसभेत म्हणजे नगराच्या सभेत वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं असं पण लेखातच म्हटलंय. म्हणजे गोवर्धनच्या लोकांनी तेव्हा जाहीर नोंद ठेवली आणि आज आपण त्याच गावातनं जातो तेव्हा पाहुण्याला दिसतो तो फक्त वायनरीकडं जाणारा बाण.

बरं, तुम्हाला वाइनशी संबंध पाहिजे असेल ना, तर तो पण आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं भडोच बंदराची माहिती लिहून ठेवलीये, तिथं काय विकलं जातं काय घेतलं जातं, त्यात आयात मालाच्या यादीत वाइन आहे, आणि मुद्दाम लिहिलंय की इटलीच्या वाइनला जास्त पसंती. राजासाठी वेगळी भारीतली वाइन न्यायची, चांदीची भांडी न्यायची, गाणारी मुलं न्यायची, हे पण आहे. आणि त्या भागाचा जो राजा त्यानं सांगितलाय तो नहपानच असं बहुतेक अभ्यासक धरतात. म्हणजे ज्याच्या जावयाचे लेख आपल्या लेण्यात आहेत त्या सासरेबुवांच्या दरबारात इम्पोर्टेड वाइन पोचत होती. टेस्टिंगच्या सुरुवातीला हे दोन मिनिटात सांगा, बघा लोक फोन खाली ठेवतात की नाही. नाहीतर दर वेळी अमेरिकेतल्या वाइनवाल्या नापाचं नाव घेऊन नापा नापा करायचं, भारताची नापा, अरे नापाला कोण विचारत होतं तेव्हा.

नंतर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. याचा पुरावा पण आपल्याच जिल्ह्यात सापडला, 1906 साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला तेरा हजारांच्या वर चांदीची नाणी निघाली, नहपानाची, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप परत मारलेला. जुन्या नोटा बंद न करता त्यांच्यावरच नवा शिक्का, हा प्रकार. तीन नंबरच्या लेण्यात त्याचे हुकूम कोरलेत आणि ते कोणाच्या नावानं निघालेत तर गोवर्धनच्या अमात्याच्या. आधी विष्णुपालित नावाच्या अमात्याला सांगितलं की उषवदाताच्या ताब्यात होतं ते दोनशे निवर्तन (तेव्हाचं जमिनीचं माप) शेत भिक्षूंना द्या. सहा वर्षांनी दुसरा हुकूम, आता अमात्य श्यामक, आणि राजा म्हणतो (बरोबर त्याच्या आईचा पण उल्लेख आहे) की ते शेत कोणी कसत नाही, ते गाव पण ओसाड पडलंय, तर त्याच्या बदल्यात शहराच्या हद्दीवरची आमची शंभर निवर्तन जमीन द्या. सातबारा, तलाठी, बदली जमीन, सगळं तेव्हापासनं चालू आहे, मला हा लेख वाचला की हसूच येतं. आणि त्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे, मुलगा गेल्यावर नातवाच्या राज्यात, पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा माझा मुलगा, असं आईनं सांगितलंय. तिथं उभं राहिलं की गंगापूरची गोपिकाबाई आठवल्याशिवाय राहत नाही, निदान मला तरी.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की तुमच्या दोन दिवसाच्या टूरमध्ये एक सकाळ लेण्यांना द्या. सकाळ म्हणतोय, नीट ऐका. टेस्टिंग करून लोकांना वर नेऊ नका, दोनेकशे पायऱ्या आहेत, कोणीतरी गडगडेल, आणि दुसरं म्हणजे ते नुसतं बघायचं ठिकाण नाहीये, बौद्ध लोक तिथं श्रद्धेनं येतात, वंदना करतात. आधी लेणी मग जेवण मग वाइन, हा क्रम बदलायचा नाही. काळाराम मंदिराच्या बाबतीत पण हेच. पंचवटीत वाइनच्या ग्लासचं चित्र असलेल्या टी-शर्टवर फोटोशूट करणारे ग्रुप बघितलेत मी, त्यांना कोणी काही सांगितलेलंच नसतं म्हणून ते तसे वागतात.

काळारामवरनं आठवलं. दिंडोरीकडं जे वायनरीवाले आहात त्यांना विचारतो, तुमच्या तालुक्यातलं आंबे गाव माहिती असेलच. कर्मवीर दादासाहेब गायकवाड तिथले, 1902 चा जन्म. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला तेव्हा प्रत्यक्ष जमिनीवर तो वर्षानुवर्षं चालू ठेवणारा माणूस म्हणजे दादासाहेब. तुमच्या बागा ज्या मातीत आहेत तिथला. एवढा मोठा माणूस आणि वाइन ट्रेलच्या नकाशावर आंबे गावाचा ठिपका पण नाही? आणि तुम्ही निफाड-विंचूरकडचे, वाइन पार्कच्या बाजूचे, तुमच्यापासनं येवला किती लांब आहे. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी तिथंच जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मुक्तिभूमी आहे तिथं. लोक येवल्याला पैठणी घ्यायला जातात, घ्या ना, पण दहा मिनिटं गाडी तिकडं पण वळवा. विंचूर म्हणजे पण नुसता एमआयडीसीचा पार्क नाही, विठ्ठल शिवदेव विंचूरकर पानिपतावर लढायला गेले होते ते इथले जहागीरदार.

रामशेज तर तुमच्या खिडकीतनंच दिसतो. दिंडोरी रोडनं जाताना डाव्या हाताला बुटका किल्ला, बघितला तर वाटेल हा काय, टेकाड आहे. 1682 ला औरंगजेबाच्या सैन्यानं वेढा घातला आणि हे टेकाड काही वर्षं हाती लागलं नाही. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाचे ओंडके पोखरून चामड्यानं बांधून तोफा केल्या, हे मराठ्यांच्या बखरीत नाही, मुघलांच्याच बाजूच्या खाफीखानानं लिहिलंय, शत्रूनं केलेलं कौतुक आहे ते. शेवटी किल्ला गेला तो पैसे चारून. ही गोष्ट द्राक्षाच्या मांडवाखाली बसून किल्ल्याकडं बोट दाखवून सांगता येते, तिकीट नाही, परवानगी नाही, खर्च शून्य.

भगूरचा सावरकर वाडा, विजयानंद थिएटरमध्ये 21 डिसेंबर 1909 ला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या ती जागा, नारोशंकराच्या देवळातली वसईच्या विजयातनं आलेली 1721 ची पोर्तुगीज घंटा, सिन्नरचा गोंदेश्वर, अंजनेरीची यादवकाळातली जैन देवळं आणि तिथली नाण्यांच्या अभ्यासाची संस्था, हे सगळं लिहीत बसलो तर पत्र संपणार नाही. एका टूरमध्ये सगळं कोंबा असं मी म्हणतच नाहीये. तीन ठिकाणं नीट दाखवा, बास.

आता बोर्डांचं. मी अमेरिकेत भावाकडं गेलो होतो तेव्हा तो सोनोमाला घेऊन गेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या वर, नापाच्या शेजारचा वाइनचा भाग. त्या गावचा मधला चौक आहे, त्याच्या आजूबाजूला पायी फिरलं की दर थोड्या अंतरावर पितळी नाहीतर दगडी पाटी. 1823 चं स्पॅनिश पाद्र्यांचं मिशन, 14 जून 1846 ला मेक्सिकोविरुद्ध अस्वलाचा झेंडा जिथं उभारला ती जागा, आणि थोडं बाहेर 1857 ची ब्युना व्हिस्टा वायनरी, तिला पण पाटी. ती काढणारा हंगेरीचा हराझ्थी म्हणून माणूस, तो पुढं निकाराग्वात नदीत बेपत्ता झाला आणि लोक म्हणतात मगरीनं खाल्लं. असल्या गोष्टी सांगून ते लोक वाइन विकतात आणि आपण प्रभावित होऊन विकत घेतो. मी पण घेतली.

पण तिथं मला एक खटकलं ते पण सांगतो. ब्युना व्हिस्टाची वाइन ठेवायची तळघरं डोंगर फोडून खणली चिनी मजुरांनी. पाटीवर हराझ्थीचं नाव ठळक, मजुरांची ओळख तिथल्या लोकांनी खूप उशिरा सांगायला घेतली. आपल्याकडं बोर्ड लावाल तेव्हा ही चूक आधीच टाळा. पेठ, सुरगाण्याहून छाटणीला, तोडणीला येणारी आदिवासी कुटुंबं नसतील तर एक पेटी द्राक्ष पण टाकीत जाणार नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. वायनरीच्या इतिहासाचा बोर्ड करताना मालकाचा फोटो, फ्रेंच सल्लागाराचा फोटो, आणि मग जागा उरली तर, असं करू नका.

आणि बोर्ड मराठीत पाहिजे. इंग्रजी खाली चालेल, हिंदी पण चालेल, पण वर मराठी, आणि मराठी म्हणजे "सदर ठिकाण ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वपूर्ण असून" असली नाही, माणसासारखी. नुसतं "प्राचीन" लिहून सोडू नका, साल लिहा, माणसाचं नाव लिहा, कुठल्या लेखात आहे ते लिहा. दंतकथा असेल तर म्हणतात असं लिहा. पांडव तिथं राहिले होते हे लोक शेकडो वर्षं सांगत आलेत, सांगू दे, त्यानं काही बिघडत नाही, फक्त त्याच ओळीत हे पण यायला हवं की लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलीत आणि ते तिथंच दगडावर लिहिलेलं आहे. आणि प्लीज, उद्या कोणीतरी बाटलीला बलश्री रिझर्व्ह नाव द्यायला निघेल, ते नको. प्रामाणिकपणे हात जोडतो. लेण्यांच्या आत, देवळांच्या भिंतीला काही ठोकायला जाऊ नका, ती संरक्षित स्मारकं आहेत, तिथलं काम पुरातत्त्व खात्याचं. तुम्ही तुमच्या जागेत, तुमच्या गेटवर, पार्किंगमध्ये आणि ग्रामपंचायतीला विचारून रस्त्याच्या कडेला करा. 2027 च्या सिंहस्थासाठी अर्धं शहर नव्यानं रंगवणार आहेत, रस्ते खणून होणार आहेत, बोर्ड लावायला याच्यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही.

स्टाफचं पण बघा जरा. गोवर्धन, गंगापूर, सावरगावची पोरं तुमच्याकडं कामाला आहेत, त्यांना शॅम्पेन आणि स्पार्कलिंगमधला फरक तोंडपाठ आहे. एक दिवस त्यांना लेण्यात न्या, एखादा ब्राह्मी वाचणारा माणूस बरोबर घ्या, नाशिकमध्ये असे लोक आहेत. दहा नंबरच्या लेण्यात भिंतीवर बोट न लावता त्यांना दाखवा की हे बघ, हे तुझ्या गावाचं नाव. त्यानंतर तो पोरगा पाहुण्याला जे सांगेल ते तुमच्या कुठल्याच ब्रोशरमध्ये नसेल.

सुरुवात म्हणून पहिल्या बोर्डाचा मजकूर मीच लिहून देतो, फुकट, नाव नको काही नको:

"गोवर्धन. सुमारे 1900 वर्षांपूर्वी पांडवलेण्यातल्या शिलालेखांत या गावाचं नाव येतं. इथं सातवाहन राजाचा अमात्य बसत असे. इथल्या विणकरांच्या श्रेणींकडं उषवदातानं 3,000 कार्षापणांची ठेव ठेवली, तिच्या व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंना कपडे मिळत. वाटसरूंना उतरण्यासाठी त्यानं इथं घरही बांधलं होतं. लेख बघायचे असतील तर पांडवलेणी, लेणं क्रमांक 3 आणि 10. सकाळी जा."

यात कोणाला काही दुरुस्ती सुचवायची असेल तर जरूर सुचवा, अभ्यासकांना तर नक्कीच दाखवून घ्या. पण मग लावा. आनंदवल्लीचा आणि गंगापूरचा मजकूर पण तयार आहे, कोणी मागितला तर देतो.

तुमचा,
गंगापूर रोडवरचा एक नाशिककर